नशीब म्हणे!

"नशीबवान आहे लेकाचा!" डबा खाताना आमचा एक सहकारी म्हणाला. विषय श्चेन्स्नीचा, बार्सिलोनाच्या पोलिश गोलकीपरचा. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

ऑगस्ट २०२४ मध्ये ३४ व्या वर्षी गडी निवृत्त झाला होता. आर्सेनल, रोमा, युव्हेंटस, सगळे मोठे क्लब खेळून झालेले. सप्टेंबरात बार्सिलोनाच्या मुख्य गोलकीपरचा, टेर स्टेगनचा, गुडघा गेला आणि याला क्लबचं बोलावणं आलं. इथवर नशीब, मान्य.

पण पुढे? जानेवारीपर्यंत बाकावर. मग स्पॅनिश सुपर कपची फायनल, समोर रियाल माद्रिद. पेनल्टी बॉक्सबाहेर त्यांच्या एम्बापेला पाडलं, थेट रेड कार्ड, मैदानाबाहेर! संघ ५-२ ने जिंकला म्हणून बरं. मला तर वाटलं, संपलं याचं.

कुठलं काय! पुढे लीगमध्येही गोलपोस्ट त्याच्याच ताब्यात आलं, आणि मोसमाअखेर ला लिगा (स्पेनची लीग) आणि कोपा देल रे (तिथला कप) दोन्ही बार्सिलोनाकडे.

स्ट्रायकरने गोल मारला की ती मेहनत. गोलकीपरने अडवला की नशीब. असं का असतं हो आपलं?