पत्र तर भरलेलं दिसतंय

मंगळवार, रात्री उशिरा

आज लेकीच्या शाळेत बाईंनी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच म्हणाली, "आई म्हणतेय की..." मी काहीच म्हटलं नव्हतं. खुर्ची मुलांच्या मापाची, माझे गुडघे पोटाशी, आणि नऊ वर्षांची पोर माझ्या वतीनं बोलतेय. पुण्यात दहा वर्षं वर्ग घेतले मी. जाऊ दे, ते आज नको.

नेमकं काय लागलं, ते शोधतेय. ती बोलली, ते नाही. बाई चांगल्या पाच मिनिटं बोलत होत्या आणि लेकीनं मला सांगितलं, "सगळं छान चाललंय म्हणतायत." एवढंच. त्या भरभर बोलण्यातला एक शब्द मला लख्ख कळला होता. आलाइन. एकटी.

संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जायचं मनात नव्हतं. 600 तासांचा कोर्स, आणि मला एक शब्द कळतो! तरी गेले. शेजारी बसणाऱ्या, सीरियातल्या अलेप्पोहून आलेल्या बाईला मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

ती आणि मुलगा 2015 मध्ये इथे जर्मनीत पोचले, नवरा मागे राहिला. त्यांना मिळालं होतं दुय्यम संरक्षण, म्हणजे पूर्ण निर्वासिताच्या दर्जापेक्षा खालचा आसरा; त्यावर घरच्यांना बोलावून घेणं 2016 च्या मार्चपासून बंद झालेलं. 2017 मध्ये सरकारी पत्राचं पिवळं पाकीट आलं. त्यावर पोस्टमन तारीख घालून जातो, मुदत त्या दिवसापासून धरतात. दहा वर्षांच्या पोरानं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "बाबा येणारेत. थोडं थांबायला सांगितलंय."

"तीन पानं होती," ती मला म्हणाली. तिला तेव्हाच कळलं होतं. तिनं विचारलं नाही. 2018 च्या ऑगस्टपासून महिन्याला 1000 जणांपर्यंत घरच्यांना येऊ द्यायला लागले, तिच्या नवऱ्याचा नंबर 2019 मध्ये लागला. आणि आता अठरा पूर्ण झाल्यावर मुलानं आपणहून कबूल केलं, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेय अशी ती ऐकत राहिली.

ट्राममध्ये आजी आठवली. तिची पत्रं मी वाचून दाखवायचे. आत्याच्या एका पत्रातलं 'चार दिवस दवाखान्यात होते' मी गाळलं होतं. आजीला अक्षर येत नव्हतं. वाती वळता वळता तिनं मान वर केली. "एवढंच? पत्र तर भरलेलं दिसतंय." मी म्हटलं, "बाकी सगळ्यांना नमस्कार आहेत." "बरं," म्हणाली, आणि पुढची वात घेतली. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला कळलं नाही.

म्हणजे लेक लहान असूनही मला सांभाळतेय. रडू येतंय, पण दुपारचं नव्हे हे. दुपारी मला माझीच कीव येत होती.

जेवताना विचारलं, "बाई आणखी काही म्हणाल्या का गं?"

"नाही गं आई."

"बरं," म्हटलं. तिच्या वरणभातावर आणखी एक चमचा तूप घातलं. मधल्या सुट्टीत मुलं कुठे खेळतात, ते उद्या शाळेत सोडताना जरा थांबून बघेन.