भाचीचा बीबीएचा प्रवेश आणि आमचा हिशेब

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी माझी भाची, तिची आई आणि दाजी सांगलीहून सकाळच्या गाडीने आमच्याकडे पुण्याला आले. भाचीच्या फाइलमध्ये दोन कागद होते. एक मुंबईच्या एका नावाजलेल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचे बीबीएच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीच्या, प्रवेशाचे पत्र, ज्यावर पहिला हप्ता गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरण्याची सूचना होती, आणि दुसरे राज्याच्या सीईटीचे, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचे, गुणपत्रक, ज्याच्या जोरावर पुण्यातल्या एखाद्या बऱ्या महाविद्यालयात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळण्याची चांगली शक्यता होती. दाजींचे सांगलीत शेतीच्या पाइपांचे छोटे दुकान आहे. चहा होताच ते म्हणाले, "तुम्ही बँकेत होता, किती कर्ज मिळेल तेवढं सांगा. पोरीचं नाव होणार असेल तर पैशाचं मी बघतो."

मी सत्तावीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काम केले आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. कर्ज किती मिळेल हा प्रश्न मला तिथे रोज ऐकू येई. ते कोण, कधीपासून आणि कशातून फेडणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारी. म्हणून आधी वही उघडली आणि मुंबईच्या पत्रातले आकडे मांडायला बसलो.

शिक्षण शुल्क वर्षाला सरासरी पाच लाख, म्हणजे तीन वर्षांचे १५ लाख. राहणे, जेवण आणि प्रवास वर्षाला सव्वादोन लाख, तो भार दाजी दुकानातून उचलणार होते. शुल्काचे १५ लाख कर्जाने उभे करायचे, व्याज सोयीसाठी दहा टक्के धरू. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण त्या काळातले व्याज साठत राहते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या पाच लाखांवर चार वर्षांचे, दुसऱ्या पाच लाखांवर तीन वर्षांचे आणि तिसऱ्या पाच लाखांवर दोन वर्षांचे सरळ व्याज मिळून साडेचार लाख होतात. म्हणजे परतफेड सुरू होते त्या दिवशी मुलीच्या नावावर साडेएकोणीस लाख उभे असतात आणि दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे २५,८०० रुपये बसतो. मी तो आकडा वहीत लिहिला तेव्हा माझी बहीण हळूच म्हणाली, "एवढा तर दुकानातल्या दोन पोरांचा पगार होतो."

यातली दुसरी अडचण तारणाची होती. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. त्यापुढे मात्र घर, प्लॉट किंवा ठेव लावावी लागते. दाजींकडे मिरज रस्त्यावर एक गुंठेवारीचा प्लॉट आहे, तो गहाण ठेवायची त्यांची तयारी होती. इथे बँकेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोठ्या बँकांकडे निवडक संस्थांची वेगळी यादी असते. त्या यादीतल्या आयआयएमसारख्या संस्थेत प्रवेश असेल तर बरीच मोठी रक्कम विनातारण आणि कमी व्याजाने मिळते. बँक प्रतिष्ठेला मान देत नाही असे नाही, पण तिच्या लेखी प्रतिष्ठा म्हणजे त्या संस्थेतल्या मुलांनी आजवर कर्जे वेळेवर फेडलेली असणे. ज्या संस्थेचे नाव आपण घरात इतक्या आदराने घेतो, तिच्यासाठी आपलीच बँक प्लॉटची कागदपत्रे मागत असेल, तर क्षणभर थांबून त्याचे कारण विचारावे, असे मला मनापासून वाटते.

नावाला किंमत नसते असे मात्र मी म्हणणार नाही. आयआयएम इंदूरने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा एकूण खर्च तीस लाखांच्या पुढे जातो, तरी तिथला प्रवेश मिळालेल्या मुलाला मी कर्ज काढायला निःशंकपणे सांगेन, कारण शेवटची दोन वर्षे तो एमबीएचाच अभ्यास करतो आणि पुन्हा वेगळी प्रवेश परीक्षा व वेगळा खर्च उरत नाही. दिल्लीचे शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज १९८७ पासून आहे, दिल्ली विद्यापीठाचे असल्यामुळे तिथले शुल्क खासगी विद्यापीठांच्या मानाने फारच कमी, आणि प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी देशात जी नावे आदराने घेतली जातात, त्यांत ते वरच्या रांगेत आहे. म्हणजे महाग ते नामांकित आणि स्वस्त ते साधारण, ही समजूत तिथेच खोटी ठरते.

आपल्याकडेही तेच. मुंबई-पुण्यातल्या जुन्या वाणिज्य महाविद्यालयांत एकाच इमारतीत बी.कॉम. अनुदानित तुकडीत शिकवले जाते आणि शुल्क काही हजारांत असते, तर वरच्या मजल्यावर बीएमएस (हीही व्यवस्थापनाचीच पदवी) किंवा बीबीए विनाअनुदानित असल्यामुळे त्याच ग्रंथालयात बसणाऱ्या मुलाकडून कित्येक पट रक्कम घेतली जाते. सिडनहॅम १९१३ चे, माटुंग्याचे पोदार १९४१ चे, पुण्याचे बीएमसीसी १९४३ चे; या संस्थांची प्रतिष्ठा त्यांच्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांतून घडलेल्या चार्टर्ड अकाउंटंटांनी कमावलेली आहे, शुल्काने नव्हे.

दुपारी जेवणे झाल्यावर भाचीने विद्यापीठाची माहितीपुस्तिका माझ्यापुढे ठेवली. आतल्या पानावर सर्वाधिक वेतनाचा आकडा अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापला होता. मी तिला म्हटले, हे बाजूला ठेव आणि संगणकावर त्यांचे एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीला, दिलेले माहितीपत्रक शोध. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हे पत्रक आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. त्यात पदवीचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आणि पदव्युत्तर दोन वर्षांचे अभ्यासक्रम असे वेगळे तक्ते असतात, आणि प्रत्येकात किती मुले दाखल झाली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचे मध्यक वेतन किती, हे वर्षवार लिहिलेले असते. मध्यक म्हणजे वेतनांची चढती रांग लावली तर बरोबर मधल्या मुलाचे वेतन. पाच-सहा मुलांना मोठे पॅकेज मिळाले की सरासरी फुगते, मध्यक हलत नाही.

आम्ही दोघांनी ते पत्रक ओळ न् ओळ वाचले. पुस्तिकेतला मोठा आकडा एमबीएच्या तक्त्याशी जुळणारा निघाला. पदवीच्या तक्त्यातले मध्यक वेतन महिन्याला चाळीस हजारांच्याही खाली येत होते आणि जवळजवळ निम्मी मुले नोकरीच्या रकान्यात नव्हतीच, ती पुढे शिकायला गेली होती. भाची पेन्सिलीने २५,८०० च्या शेजारी तो आकडा लिहून बराच वेळ पाहत राहिली.

त्या निम्म्या मुलांमध्येच आमच्या प्रश्नाचे उत्तर होते, असे मला वाटते. आपल्या देशात व्यवस्थापनाची पदवी घेणारा मुलगा बहुतेक वेळा तिथे थांबत नाही. तो एमबीए करतो, सीए करतो किंवा परदेशी जातो, आणि त्यानंतर त्याच्या अर्जावर शेवटची पदवीच वाचली जाते. कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के गुण लागतात, महाविद्यालय कोणते याची अट नाही. आयआयएम अहमदाबाद मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव मोजते, महाविद्यालयाच्या नावाला त्यात गुण नाहीत. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले तर सीएची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, तिथेही नाव विचारत नाहीत. ज्याला पुढे मोठा खर्च करायचाच आहे, त्याने पहिल्या पायरीवर सगळी पत आणि प्लॉट खर्ची घातला, तर दुसऱ्या पायरीला हात रिकामे राहतात. माझ्या टेबलावर असा एक मुलगा आला होता. कॅटला त्याला सुरेख गुण होते, चांगल्या संस्थेचे पत्र होते, पण बीबीएचे कर्ज अजून अंगावर होते आणि वडिलांचे घर आधीच गहाण होते. त्या मुलाचा अर्ज मला परत करावा लागला, आणि तो दिवस मी विसरलेलो नाही.

भाचीने मात्र माझ्या हिशेबात न बसणारी गोष्ट सांगितली. "मामा, तिथल्या मुली कशा बोलतात, कशा वावरतात ते मी मुलाखतीला बघितलंय. मला त्यांच्यात राहायचंय." हे खोटे नव्हते. सोबतच्या मुलांकडून जे मिळते, मुंबईत कंपन्यांची दारे जवळ असल्यामुळे उन्हाळ्यात जी कामे मिळतात, त्यांची किंमत मी वहीत लिहू शकत नव्हतो. मी तिला एवढेच म्हणालो की त्याची किंमत शून्य नाही, पण आपल्या घरासाठी ती दहा वर्षांच्या हप्त्याएवढीही नाही.

पुण्याच्या बाजूने एक गोष्ट निर्णायक ठरली. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए (संगणकाची पदवी) हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी सुरू केली. त्याच वर्षी शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. दाजींचे उत्पन्न मर्यादेत बसत होते, दाखले हातात होते, आणि त्यांना या योजनेचा पत्ताच नव्हता. खोली, खानावळ आणि उरलेली किरकोळ शुल्के धरून पुण्याचा तीन वर्षांचा खर्च साडेचार लाखांच्या आत येत होता.

गुरुवारचे पाच वाजून गेले आणि मुंबईचा हप्ता भरला गेला नाही. त्या संध्याकाळी भाची रडली, असे बहिणीने फोनवर सांगितले. ऑगस्टमध्ये ती पुण्याच्या महाविद्यालयात दाखल झाली. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. दिवाळीनंतर तिने एका लहान लेखा फर्ममध्ये आठवड्यातून तीन दुपारी काम धरले आहे, आणि जीएसटीचे विवरणपत्र कसे भरतात हे मला समजावून सांगताना तिचा आवाज वेगळाच लागतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तिला तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येईल किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येईल. तो निर्णय २०२८ साली घ्यायचा आहे, आणि त्यासाठी दाजींनी सांगलीच्या शाखेत तिच्या नावाने महिना दहा हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे.