चौदा माणसं, एक गाडी आणि दोन मुक्काम

"गावात कशाला राहायचं? पन्हाळ्यावर राहू, देवीला गाडीनं येऊ. वीस-बावीस किलोमीटर म्हणजे काय ताई, आमच्याकडं माणसं रोज त्याच्या दुप्पट ऑफिसला जातात."

डोंबिवलीच्या पार्टीतल्या धाकट्या भावाचं हे म्हणणं. कोल्हापुरात गाड्या आणि मुक्काम ठरवून देणाऱ्या प्रत्येकानं ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. बावीस किलोमीटर खरेच आहेत, पण ते एकदाच मोजून भागत नाही.

पार्टी चौदा जणांची. सत्तरीच्या पुढची तीन माणसं, त्यांत गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजी. चार पोरं, बाकी कर्ती मंडळी. अंबाबाई कुलदेवता, ओटी भरायची, जोतिबा करायचा, जमलं तर नरसोबाची वाडी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं शनिवारी सकाळी उतरायचं आणि सोमवारी रात्री त्याच गाडीनं परत. तारखा त्यांनी किरणोत्सव बघून धरलेल्या: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, अशी अपेक्षा असते. ढग, धुरळा, हवेतला दमटपणा यांनी ती चुकतेही. वाटेतल्या उंच इमारतींबद्दल कोल्हापुरात वर्षानुवर्षं बोललं जातं. बोलण्यापलीकडं काय होतं ते दिसतंच. यंदा मधला दिवस रविवार होता आणि त्याच दिवशी माघ पौर्णिमा. म्हणजे अंबाबाईला किरणोत्सवाची गर्दी, जोतिबाला रविवारची, वाडीला पौर्णिमेची. तिन्हीकडं एकाच दिवशी.

मी आधी गाडीचा हिशोब मांडला, कारण मुक्कामाचा खरा खर्च तिथं लपलेला असतो. हॉटेलचा दर सगळे बघतात, गाडीच्या फेऱ्या कुणी मोजत नाही. शनिवारी स्टेशनवरून वर. संध्याकाळी दर्शनाला खाली, रात्री परत वर. रविवारी सकाळी ओटीला खाली, दुपारी म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकायला वर, किरणोत्सवाला खाली, पुन्हा वर. सोमवारी खाली. आठ फेऱ्या, पावणेदोनशे किलोमीटरच्या वर, आणि अजून जोतिबा, वाडी धरलेलीच नाही. लोकल पॅकेज असतं आठ तास, ऐंशी किलोमीटरचं, तेही गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी गॅरेजातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. रविवारी एकट्या पन्हाळ्याच्या जाण्यायेण्यातच ऐंशी संपतात आणि तास तर दुपारीच संपतात. रात्री गाडी खाली गॅरेजला आणली तर रिकाम्या फेऱ्यांचे किलोमीटर पार्टीच्या माथी. वर ठेवली तर ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या झोपण्याची सोय. ही सोय 'बघतो' म्हणणारी हॉटेलं ड्रायव्हरला गाडीतच झोपवतात. आणि न झोपलेला माणूस सकाळी तुमची पोरं घेऊन वाघबीळचा घाट उतरतो. हा मुद्दा मी मुद्दाम मोठ्यानं सांगते, तरी ऐकणारे कमी.

दुसरी गोष्ट बाहेरगावच्यांच्या ध्यानातच येत नाही. गाडी देवळाशी लागत नाही. गर्दीच्या दिवशी मोठी गाडी बिंदू चौकात किंवा त्याच्याही अलीकडं थांबते. तिथून पायी. म्हणजे पन्हाळ्याहून येणाऱ्या आजीला घाट उतरून शिवाय चालायचंच आहे. देवळाजवळ राहणाऱ्या आजीला फक्त चालायचं आहे, आणि थकली की खोलीवर जाऊन पडायचं आहे.

म्हणून मी देवळाजवळच राहा म्हणाले का? तर लगेच नाही. गल्लीतल्या लॉजची स्वतःची दुखणी असतात. 'मंदिरापासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं, ते कुठल्या दरवाजापासून? महाद्वार पश्चिमेला, घाटी दरवाजा उत्तरेला, शिवाय पूर्वेचा आणि दक्षिणेचा वेगळा. दर्शनाची रांग कुठून सुरू होते त्यावर पाचाची पंधरा मिनिटं होतात. 'पहिला मजला' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. खाली दुकान, मध्ये पोटमाळा, मग खोल्या, असा तो मजला असतो. फोनवर मजला विचारू नये, पायऱ्या किती ते विचारावं, आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का तेही. पाणी बहुधा सोलरचं. टाकी पाचशे लिटरची असली आणि पहाटे काकड आरतीला जाणाऱ्या बारा खोल्या एकदम न्हायला लागल्या, तर सातच्या पुढं कोमट पाणी. रस्त्याकडची खोली घेतली तर पहाटेपासून जाग. चेक-आउटची पद्धतही दोन तऱ्हेची: काही ठिकाणी दुपारी बारा, काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तास. सकाळच्या रेल्वेनं येणाऱ्याला चोवीस तासवालं सोन्यासारखं. बाराला खोली मिळणाऱ्या ठिकाणी चौदा माणसं आंघोळीविना चार तास कुठं बसणार? पन्हाळ्याच्या हॉटेलचं चेक-इन दुपारी एकचं होतं. धाकट्यानं ते वाचलं नव्हतं.

मधला मार्गही असतो आणि निम्म्या पार्ट्यांना मी तोच देते. शाहूपुरी, स्टेशन रोड, ताराबाई पार्क इथं लिफ्ट आहे, पार्किंग आहे, देऊळ रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. रंकाळ्याच्या बाजूला राहिलं तर संध्याकाळी पोरांना तळ्याकाठी सोडता येतं. स्वतःच्या गाडीनं गोव्याला किंवा बेंगळुरूला पुढं जाणाऱ्यांनी हायवेवर, उचगाव-शिरोलीच्या बाजूला राहावं. रात्री जेवून झोपायचं, पहाटे निघायचं, गावात शिरायचंच नाही. देवीला आलेल्यांना मात्र तिथं ठेवू नये, रात्री दर्शनाहून परतताना रिक्षावाला एका बाजूचं रिकामं भाडंही धरतो. पावसाळ्यात तर वेगळंच शास्त्र. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळ्यावर बसलेला माणूस वरच राहतो, त्याची रेल्वे जाते. शिरोलीजवळ तर २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद पडला होता. जुलै-ऑगस्टात 'व्हॅली व्ह्यू' मागणाऱ्याला मी आधी पातळी विचारायला लावते.

या पार्टीसाठी माझा कागद असा होता: दोन्ही रात्री महाद्वाराच्या बाजूच्या, पायऱ्या कमी असलेल्या, चोवीस तास चेक-आउटच्या लॉजमध्ये. शनिवारी आंघोळी, दर्शन, आराम. रविवारी पहाटे ओटी, दुपारी कणेरी मठ, कारण जोतिबा आणि वाडी दोन्ही त्या दिवशी तुंबलेली. संध्याकाळी किरणोत्सव. सोमवारी सकाळी जोतिबा, तिथून पन्हाळा, झुणका-भाकरी, मडक्यातलं दही, चारच्या आत खाली, सव्वासहाच्या सुमाराला किरणं, मग स्टेशन. वाडीला या फेरीत फुली.

घरात भांडण झालं म्हणे. शेवटी फोन आला: आम्ही वाटून राहतो. आजी, दोघं म्हातारे, थोरला मुलगा आणि थोरल्या सूनबाई खाली. धाकटा, त्याची बायको, भाचेमंडळी, पोरं, असे नऊ जण वर. गाडी मात्र एकच.

दोन मुक्काम असले तर दोन गाड्या लागतात. खालच्या पाचांना रोज गाडी नको, पण ज्या वेळी हवी त्या वेळी ती वर असून चालत नाही. मी सतरा सीटर ट्रॅव्हलरच्या जोडीला एका दिवसासाठी सहा-सात माणसांची छोटी गाडी सुचवली, रविवारपुरती. दर लिहून पाठवला. उत्तर आलं, 'गरज नाही, आम्ही वेळेत खाली येऊ.' हॉटेलवर दोन रात्रींत जे जास्तीचे पैसे गेले त्याच्या पाव हिश्श्यात ती गाडी होत होती. पण माणसं खोलीवर खर्च करतात, कारण खोलीचा फोटो येतो. वेळेवर आलेल्या गाडीचा फोटो कुणी काढत नाही.

शनिवारी बिंदू चौकात सामान उतरवताना आमच्या ड्रायव्हर मामांनी एकेक बॅग हातात धरून विचारलं, वर की खाली? मागची सीट आणि तिच्यामागची जागा बॅगांनी भरलेली. तीन-चार बॅगांवर "राहू दे मामा, उद्या येणारच आहे गाडी" असं झालं. त्या राहिलेल्यांत ओटीची पिशवी होती. डोंबिवलीहून आणलेली हिरवी साडी, खण, बांगड्या, घरच्या देवापुढं पुजून आणलेला नारळ. पिशवी पन्हाळ्याला गेली.

रविवारचं ठरलं होतं: सातला वरून निघायचं, साडेआठला ओटी. मामा पावणेसातला गाडी लावून उभे. पण हॉटेलच्या दरात नाष्टा धरलेला होता आणि तो आठला सुरू व्हायचा. नऊ माणसांचा भरलेला नाष्टा सोडायला कुणी तयार नाही. सव्वाआठला पोहे आले, पावणेनऊला माणसं गाडीत बसली. वाघबीळपर्यंत ठीक. केर्ली फाट्याला जोतिबाहून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या गाड्या, ट्रॅक्टर, वडापच्या जीपा, पायी चालणारे, सगळं एकमेकांत अडकलेलं. पौर्णिमेच्या रविवारी तिथं दुसरं काय असणार? मी कागदावर लाल अक्षरात लिहिलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कागदात माणूस फक्त शेवटची रक्कम वाचतो.

खाली आजी पहाटे साडेचारला उठून न्हालेल्या. ओटी भरल्याशिवाय पाणीही घ्यायचं नाही हा त्यांचा नेम, आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. त्यांना साखरेची गोळी सुरू आहे हे तर नाहीच. आठपासून मला दोन्हीकडून फोन. थोरले म्हणतात गाडी कुठंय, धाकटे म्हणतात ड्रायव्हरला दुसरा रस्ता माहीत नाही का. दुसरा रस्ता होता, पण मोठी गाडी घेऊन रविवारी आडवाटेनं गावांतून गेलं की समोर उसाची ट्रॉली येते आणि मागं सरकायलाही जागा राहत नाही. मामा मुख्य रस्त्यावरच राहिले आणि बरोबरच राहिले. नंतर त्यांना शिव्या बसल्या. आमच्या धंद्यात रस्त्याची गर्दी ड्रायव्हरच्या नावावर पडते.

नऊला मी थोरल्यांना स्पष्ट सांगितलं की गाडीची वाट बघू नका. महाद्वार रोडला साडी, खण, नारळ, वेणी, सगळं मिळतं. दहा मिनिटांत ओटी तयार होते. ते कुरकुरले, कारण पिशवीतली साडी मुद्दाम घेतलेली. निर्णय आजींनी घेतला. लॉजच्या पोराचा हात धरून त्या स्वतः दुकानापर्यंत गेल्या, हिरवी सुती साडी घेतली, रांगेत उभ्या राहिल्या आणि ओटी भरून आल्या. गाडी पोचली साडेदहाला. मग डोंबिवलीची पिशवी घेऊन थोरल्या सूनबाई पुन्हा रांगेत. तोवर रांग दुप्पट. त्या दिवशी कणेरी मठ राहिला तो राहिलाच.

रात्री थोरल्यांचा फोन: "ताई, तुम्ही जोर देऊन सांगायला हवं होतं." धाकट्यांचा मेसेज: 'पन्हाळा बेस्ट, थँक्स.' दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, म्हणून उत्तर काय द्यावं ते मला सुचलं नाही. सकाळी थंड हवेत तटावरून दरी बघणारी पोरं खोटं बोलत नव्हती. पन्हाळा राहण्यासारखाच आहे. देवीची वेळ सांभाळायला तो सोयीचा नाही, एवढंच. आणि हे दोन हेतू एकाच खोलीत बसवा म्हणणारे आठवड्याला चार तरी फोन येतात.

सोमवारी मात्र कागदाप्रमाणं झालं. सहाला खालची माणसं गाडीत, जोतिबाला गर्दी बेताची, दर्शन तासाभरात. तिथून पन्हाळा. आजींना सज्जा कोठीच्या जिन्याला नेऊ नका म्हणून मी मामांना आधीच बजावलं होतं, त्यांनी गाडी तबक उद्यानाजवळ लावली. बाकीचे तीन दरवाजा, अंधारबाव बघून येईपर्यंत आजी झाडाखाली बसल्या. मामांनी संध्याकाळी सांगितलं, म्हातारीनं दोनदा विचारलं, इथं राहायला खोल्या मिळतात का म्हणून.

हे ऐकल्यापासून डोक्यात घोळतंय. सगळ्या घरानं, आणि त्यांच्या सांगण्यावरून मीही, मुक्काम आजींच्या गुडघ्याभोवती मांडला होता. आजींना फोन कुणी दिला नव्हता. दिला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या? वर म्हणाल्या असत्या तरी पहाटेच्या ओटीचं गणित तेच राहिलं असतं, केर्ली फाटाही तिथंच असता.

परवा धाकट्यांचा पुन्हा फोन आला. पुढच्या वर्षी तीन रात्री, सगळे एकत्र, एक गावात आणि दोन पन्हाळ्यावर. आजींनीच सांगितलंय म्हणे. आधी कुठं राहायचं ते तुम्ही ठरवा. मी आधी गावात म्हणाले: सकाळी रेल्वेतून उतरून चोवीस तासवाल्या लॉजवर आंघोळ, दुसऱ्या पहाटे ओटी, आणि सामान घेऊन एकदाच वर. शेवटच्या दिवशी वरून थेट स्टेशन, त्यासाठी चारला निघायचं. तारीख मात्र रविवार-पौर्णिमा टाळून द्या. ओटीची पिशवी हातात ठेवा, डिकीत नाही. आणि हॉटेलला आत्ताच विचारून ठेवा, नाष्टा सातला देतात का. धाकटे म्हणाले, विचारतो. अजून विचारलेलं नाही.