इलस्ट्रेशन शिकायला कुठे जायचं? हॅम्बुर्गहून, ठाण्यातल्या मुलांसाठी

बारावीचे फॉर्म भरून झाले की मला ठाण्याहून मेसेज यायला लागतात. कोणाची भाची, कोणाचा चुलतभाऊ, आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या काकूंची धाकटी. प्रश्न सगळ्यांचा एकच, ताई मला इलस्ट्रेशन (म्हणजे पुस्तकांसाठी वगैरे चित्रं काढणं) करायचंय, बेस्ट कॉलेज कुठलं? आणि सोबत कुठल्यातरी रँकिंगचा स्क्रीनशॉट. मी मुंबईत अप्लाइड आर्ट केलं, ठाणे ते सीएसएमटी रोज ड्रॉइंग बोर्ड सांभाळत लेडीज डब्यातून, आणि आता इथे जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये इलस्ट्रेशनचं मास्टर्स करतेय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बघून झालंय. एकेकाला फोनवर सांगताना प्रत्येकाला अर्धंच सांगितलं जातं, म्हणून इथे सगळं लिहून काढते.

पहिलं म्हणजे ते रँकिंग बाजूला ठेवा. क्यूएस नावाची संस्था जगभरच्या युनिव्हर्सिट्यांचं रँकिंग काढते, तिच्या यादीत आर्ट अँड डिझाइन असा एकच गठ्ठा असतो, त्यात फॅशन, प्रॉडक्ट डिझाइन, फाइन आर्ट सगळं एकत्र, आणि नंबर ठरतात ते मुख्यतः प्राध्यापकांनी आणि कंपन्यांनी कोणाचं नाव घेतलं त्यावर. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट त्यात वर्षानुवर्षं पहिलं आहे आणि बारावीची मुलं मला तेच पाठवतात, पण तिथे मास्टर्स आणि पुढचंच शिकवतात, बारावीनंतर जाता येत नाही. आणि इलस्ट्रेशनसाठी जी खरी नावाजलेली ठिकाणं आहेत ती या यादीत वर असतीलच असं नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला क्लोद लापॉइंत यांनी 1972 मध्ये इलस्ट्रेशनचा वर्ग सुरू केला, तिथून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारे कितीतरी मोठे लोक निघाले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटीत फक्त मुलांच्या पुस्तकांच्या इलस्ट्रेशनचं वेगळं मास्टर्स आहे. कॅनडात टोरांटोजवळ शेरिडन कॉलेजमध्ये इलस्ट्रेशनची स्वतंत्र डिग्री आहे. ठाण्यात यातलं एक तरी नाव कोणी ऐकलंय का विचारा.

मग बघायचं काय? तर शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं. मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो. जर्मनीत बहुतेक आर्ट स्कूल्स वर्षातून एकदा काही दिवस सगळ्यांसाठी उघडी असतात, त्याला रुंडगांग म्हणतात, वर्गावर्गात भिंतीवर कामं लावलेली असतात, आजूबाजूचे आजी-आजोबासुद्धा बघायला येतात, मुलं स्वतः उभी राहून सांगतात काय केलंय ते. ब्रिटनमध्ये मे-जूनच्या सुमारास डिग्री शो लागतात. ठाण्यातून तिथे जाता येत नाही हे मान्य, पण आता बऱ्याच ठिकाणी ही कामं वेबसाइटवर ठेवतात आणि मुलं इन्स्टाग्रामवर टाकतातच. एकाच वर्गातल्या दहा-पंधरा मुलांची चित्रं शेजारी शेजारी उघडून ठेवा आणि नावं झाका. सगळी एकाच हाताने काढल्यासारखी वाटली, तेच गोल चेहरे, तेच मऊ रंग, तर ते कॉलेज कितीही गाजलेलं असो, मी तिथे जाऊ नका असंच सांगेन. एक जण लाकडी ठसे कोरतोय, एक जण पेन्सिलने शंभर पानांची कॉमिक काढतेय, एक जण किड्यांची शास्त्रीय चित्रं करतोय असं दिसलं तर समजायचं की तिथले शिक्षक मुलांना स्वतःसारखं करत नाहीत. हॅम्बुर्गच्या एचएडब्ल्यू या सरकारी विद्यापीठात कॉमिक्स काढणाऱ्या आंके फॉयश्टनबर्गर 1997 पासून पुढे अनेक वर्षं शिकवत होत्या. त्यांची स्वतःची कोळशाची कॉमिक्स एका नजरेत ओळखू येतात, पण त्यांच्याकडे शिकलेल्यांची पुस्तकं एकमेकांसारखी तर नाहीतच, बाईंसारखीही नाहीत. चांगली शिक्षिका मी यालाच म्हणते.

हे समजायला परदेशातच यावं लागतं असंही नाही बरं का. आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, 1893 पासून आहे ते ठाण्यात, जुने दिवाळी अंक चाळायला मिळाले तर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघा. काळ एक, वाचक एक, छपाईच्या अडचणी त्याच, आणि तरी सही न बघता सांगता येतं कुठलं कोणाचं. हे शिकलंय आपल्या डोळ्यांनी आधीपासून, फक्त कॉलेज निवडताना ते वापरायचं आपल्याला कोणी सांगत नाही.

आता पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा आपल्या चित्रांचा संच. जर्मनीत त्याला माप्पे म्हणतात आणि सगळं त्यावर अवलंबून असतं, बारावीचे मार्क नंतर. आपल्याकडची आर्टची सीईटी म्हणजे ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल, ठरलेल्या वेळात ठरलेला विषय. ती परीक्षा वाईट नाही, हात तयार होतो, ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्या मुलांचा हात इथल्या मुलांपेक्षा बरेचदा पक्का असतो, हे मी अभिमानाने सांगते. पण माप्पेत ते लोक बघतात की तुला कोणी विषय दिला नव्हता तेव्हा तू काय काढलंस. आणि आपली मुलं क्लासमध्ये बसून करतात तो पोर्टफोलिओ, तोच मेमरी ड्रॉइंगचा बाजार, तीच बाटली आणि घडी पडलेलं कापड, तेच वृद्ध शेतकऱ्याचं पोर्ट्रेट फोटोवरून. असले पोर्टफोलिओ निवडणाऱ्यांनी ढीगभर बघितलेले असतात. त्यापेक्षा तलावपाळीला संध्याकाळी जाऊन बसा, स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊला कोपऱ्यात उभं राहून माणसं काढा, हलणारी, अर्धवट, चुकलेली, गडकरीच्या बाहेर नाटक सुटल्यावर रिक्षासाठी थांबलेल्या काकू काढा, आणि ते स्केचबुक जसंच्या तसं ठेवा. स्केचबुकं इथे फार मन लावून बघतात. आमच्या सोसायटीतल्या काकूंच्या धाकटीने मला मागे व्हिडिओ कॉलवर तिचं काम दाखवलं, क्लासची चित्रं छानच होती, पण माझा जीव अडकला तो तिने आजीच्या गोळ्यांच्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आजीच्या दिवसाची काढलेली छोटी छोटी चित्रं बघून. म्हटलं अगं हे पहिल्या पानावर लाव! ती म्हणाली सर म्हणाले हे पाठवायचं नाही. पाठवायचंच, असं मी तिला आणि तिच्या आईलाही सांगितलं.

आणखी एक, बऱ्याच जर्मन आर्ट स्कूल्समध्ये अर्ज करायच्या आधी माप्पे दाखवून सल्ला घेता येतो, काही ठिकाणी ऑनलाइनसुद्धा. हे नक्की करा. त्यात ते जे बोलतात त्यावरूनही कॉलेज कसं आहे ते कळतं, म्हणजे तुमच्या चित्राबद्दल प्रश्न विचारतात की नुसतं टेक्निक सुधारा म्हणतात.

पैशाचं. आईबाबा हेच आधी विचारतात आणि बरोबरच आहे त्यांचं. लंडनला आर्ट स्कूलच्या बॅचलर्सची फी परदेशी मुलांना वर्षाला 30 हजार पाउंडांच्या आसपास जाते, म्हणजे तीस लाखांच्या वर, राहणं-खाणं वेगळं. अमेरिकेत रिस्डीची, म्हणजे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनची, फी वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर आहे. एवढं कर्ज काढून इलस्ट्रेटर व्हायचं तर पहिली काही वर्षं हप्त्यांसाठी वाट्टेल ते काम घ्यावं लागतं आणि ज्यासाठी शिकलो तेच राहून जातं, म्हणून घरात पैसा मोकळा नसेल किंवा मोठी स्कॉलरशिप नसेल तर मी या रस्त्याला जा म्हणत नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी कॉलेजला ट्युशन फी नाही, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. पण फुकट म्हणून उड्या मारू नका, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, साधारण बारा लाख, आपली भारतातली कागदपत्रं तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, आणि हॅम्बुर्गमध्ये नुसत्या खोलीचं भाडं ऐकून माझ्या बाबांनी फोन आईकडे दिला होता. एक गोष्ट मात्र इथली मला फार मोलाची वाटते, फ्रीलान्स चित्रकारांसाठी 1983 पासून क्युन्स्टलरझोत्सियालकासं म्हणून व्यवस्था आहे, आरोग्य विमा आणि पेन्शनचा साधारण अर्धाच हप्ता चित्रकाराने भरायचा, बाकीचा त्यांचं काम वापरणाऱ्या कंपन्या आणि सरकार मिळून भरतं. आपल्याकडे असं काही झालं तर किती जण हे काम सोडून जाणार नाहीत!

आणि थेट बारावीनंतरच यायला हवं असंही नाही. मुंबईत जेजे आर्ट कॉलेजच्या अप्लाइड आर्टला इलस्ट्रेशन हा विषय घेता येतो, ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन, घरचं जेवून. पवईला आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, 1969 पासूनचा, तिथे बॅचलर्सला यूसीड परीक्षेतून प्रवेश, तो तर ठाण्याहून अजूनच जवळ. बारावीवर जर्मनीत थेट प्रवेश मिळेल की नाही हे बोर्ड, विषय आणि मार्कांवर ठरतं, हातात भारतातली पूर्ण डिग्री असली की ती कटकट बरीच कमी होते. माझ्या बाबतीत तरी चार वर्षं मुंबईत काढून इथे येणं फायद्याचं ठरलं, काय काढायचंय हे माहीत होतं, आणि इथले लोक ते कसं काढायचं याच्या पन्नास वाटा दाखवत होते.

भाषा मात्र आत्ताच सुरू करा. बॅचलर्सला बहुतेक ठिकाणी जर्मनची बी टू किंवा सी वन ही वरची पातळी मागतात, शून्यापासून बी टूला दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि इथे चित्रावर चर्चा सगळी जर्मनमध्येच होते. काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवनात शिकवतात, ऑनलाइन बॅचेसही असतात. डिसेंबरात मी ठाण्यात आहे, ज्यांना स्केचबुक दाखवायचंय त्यांनी खाली कमेंटमध्ये सांगा, एका रविवारी सकाळी तलावपाळीला सगळे भेटू. आईबाबांनाही घेऊन या. क्लासची फाइल घरी राहिली तरी चालेल, स्केचबुकं मात्र सगळी आणा.