तुम्ही विचारलंत म्हणून: हौसेची जुनी गाडी निवडताना

‘शनिवार-रविवारी चालवायला एखादी जुनी, दमदार गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांवरून दोन-तीन नावे आधीच मनाशी धरलेली असतात. माझे उत्तर मात्र नावापासून सुरू होत नाही. गाडी आजवर कोणी आणि कशी सांभाळली, हे मी आधी पाहतो. मॉडेलचा विचार त्यानंतर.

तरीही मॉडेलबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हौसेची गाडी हलकी असावी. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन १.६ लिटरचे, ताकद जेमतेम ११५ अश्वशक्ती. पण वजन एक टनाच्या आत असल्यामुळे वळणावर ती चालकाच्या मनासारखी वळते आणि साध्या रस्त्यावरही तिचे इंजिन पुरेपूर वापरता येते. उलट, दांडग्या इंजिनाची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादेला जाऊन भिडते आणि तिची उरलेली ताकद रस्त्यावर कधी वापरताच येत नाही. होंडा एस२००० चे दोन लिटरचे इंजिन टर्बोविना, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याविना, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते. ते मला मनापासून आवडते, पण त्याचा खरा जोर सुमारे ६,००० फेऱ्यांनंतर जागा होतो, हे ठाऊक असूनच ती घ्यावी.

प्रत्येक नामांकित गाडीचे एखादे दुखणेही तितकेच प्रसिद्ध असते. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनाच्या आतल्या एका फिरत्या दांड्याचे) बेअरिंग निकामी झाले, तर अख्खे इंजिन हातचे जाऊ शकते. २००० ते २००६ या काळातल्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये मागच्या सबफ्रेमच्या (मागची चाके धरणाऱ्या चौकटीच्या) जोडांपाशी पत्र्याला तडे जातात आणि कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला जोडलेल्या दांड्यांची) बेअरिंग झिजतात. म्हणून या गाड्या टाळाव्यात असे मी म्हणणार नाही. मात्र ते काम झाले आहे का, कधी झाले आणि त्याचे बिल कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या गाडीचे दुखणे ज्या मालकाला ठाऊक असते, त्याने बहुधा त्यावर इलाजही केलेला असतो.

कमी रनिंगच्या मोहाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण तिथेच फसले. उभी राहिलेली गाडीही म्हातारी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, रबरी सील सुकून ऑइल झिरपू लागते, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षे भरली की बदलावाच लागतो. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक अवश्य वाचावेत: २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते, आणि वेगवान गाडीत ते धोक्याचे असते. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर मालकाने हात आखडता घेतला होता असे मी समजतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, इंजिन थंड असतानाच गाडी पाहावी. एकदा मी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो. गाडी धुऊन लखलखीत उभी होती, पण बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा चांगलाच तापलेला. ‘सकाळी जरा फिरवून आणली,’ असे मालक म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. इंजिन सुरू होताच दोन-तीन सेकंद इंजिनातल्या चेनची खडखड ऐकू आली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. गरम इंजिनाने हे दोन्ही माझ्यापासून लपवले असते. गाडी चालवून पाहिली, तेव्हा दुसरा गिअरही कुरकुरत पडला. गिअरबॉक्स थंड असताना सिंक्रोची, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कडीची, झीज अशी उघडी पडते.

यानंतर गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्यावे. त्याला मालक नकार देत असेल, तर सौदा सोडावा. किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी हाताशी ठेवावा, हा मी स्वतःसाठी पाळलेला नियम आहे.

मी अखेर घेतलेल्या गाडीचे रनिंग त्या लखलखीत गाडीपेक्षा दुप्पट होते आणि पुढच्या बंपरवर खड्यांचे ओरखडे होते. तिच्या मालकाने मात्र एक वही ठेवली होती: प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड. मी तीच वही पुढे चालवली आहे, आणि माझ्या अक्षरातली तिच्यातली पहिली नोंद ब्रेक ऑइल बदलल्याची आहे.