हिऱ्यात नवीन ते काय काढता?

मी हिऱ्यांचे नवे आकार आखते. परवा दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना, बाईंनी विचारलं, "हिऱ्याचे पैलू ठरलेलेच असतात ना? मग तुम्ही नवीन काय काढता?" तेव्हा बोलता आलं नाही. पण हाच प्रश्न लग्नाच्या पंगतीतही येतो. म्हणून आता सांगूनच टाकते.

गोल ब्रिलियंटला, म्हणजे नेहमीच्या गोल हिऱ्याला, ५७ पैलू, तळाचं टोक घासलं तर ५८. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की या इंजिनिअरने त्याचं गणित मांडलं. खालची बाजू ४०.७५ अंशांनी उतरली की वरून शिरलेला उजेड आत दोनदा उलटून वरच येतो. हिरा फार खोल झाला तर मधोमध काळपट दिसतो. ते गणित मोडायचा माझा विचार नाही, पण ते गोल हिऱ्याचं आहे.

माझं घोडं अडलं कुड्यांवर. आजीच्या कुडीत मध्ये एक हिरा, भोवती सहा. गोल खडे कितीही जवळ बसवा, मध्ये तिकोनी फटी राहतातच. म्हटलं, षटकोनी पाडले तर? सुरतेहून पैलू पाडून आणले, रविवार पेठेतल्या कारागिराने बसवले, आईच्या तळहातावर ठेवले. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "छान आहे गं. पण ही फरशी झाली. फूल कुठंय?"

त्या फरशीचं फूल करण्यात सहा महिने गेले. मधला खडा षटकोनीच ठेवला, बाजूच्या सहांची बाहेरची कड पाकळीसारखी गोलावली. संगणकावर हे दहा मिनिटांचं काम. पण कड बदलली की तिच्याखालचा प्रत्येक पैलू बदलतो, कोन जरा हुकला की पाकळीचं टोक मेल्यासारखं दिसतं. शिवाय हिरा घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चकतीवर, एका दिशेने घासला जातो, दुसऱ्या दिशेने हटून बसतो. पैलू पाडणारे भाई फोनवर एवढंच म्हणायचे, "बेन, हा इथून घेत नाही."

पहिल्या जोडीतला एक खडा बसवतानाच गेला. कारागिराने काही न बोलता भिंग माझ्याकडे सरकवलं. कोपरा टिचला होता. सगळ्यांत कठीण म्हणून मिरवणारा हा दगड, पण कोपऱ्यावर दाब आला की संपला. शिवाय हिऱ्याला हिरा लागला की दोघांच्याही कडा जातात. म्हणजे जी फट मिटवायला निघाले होते, ती केसभर ठेवावीच लागली! कोपरे बोथट केले, मध्ये सोन्याची बारीक भिंत आली.

कोंदण मागून उघडं ठेवलंय, तेही शोभेसाठी नाही, खड्याची पाठ घासता यावी म्हणून. हिऱ्याला स्निग्ध पदार्थ पटकन चिकटतात. खाणीत ते वेचायला ग्रीस फासलेली टेबलं याचसाठी वापरली गेली. खोबरेल खड्याच्या पाठीवर बसलं की आत उलटायचा तो उजेड मागूनच निसटतो आणि हजारोंचा खडा काचेसारखा दिसतो.

आजवर अकरा जोड गेले. बारावा आईच्या कानात आहे. ती अजून रोज चपचपीत तेल लावते, आणि दर रविवारी मी फिरकी काढून जुन्या टूथब्रशने कुड्यांची पाठ घासत बसते.