कर्नल ६.१२: पंखा भलत्याच सेन्सरचं ऐकत होता

सापडलं! चार रात्री गेल्या, पण घरच्या सर्व्हरचा सीपीयू का तापत होता ते सापडलं.

माळ्यावरच्या नॅसची (फाइली साठवणाऱ्या घरगुती सर्व्हरची) मांडणी आधीच्या अपडेटमध्ये आलीच आहे: आय३-१२१०० सीपीयू, डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक, चार हार्ड डिस्क, बोर्डवर एनसीटी६७९८ (पंखे आणि सेन्सर सांभाळणारी चिप) आणि पंखे चालवणारी माझी शेल स्क्रिप्ट. गिरगावातल्या आमच्या माळ्यावर ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश असतात, त्यामुळे पंख्यांकडे मी डोळ्यांत तेल घालून बघतो.

रविवारी डेबियन लिनक्स १२चं १३ केलं, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ वरून थेट ६.१२. सगळं सुरळीत झालं. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "तुझं वरचं मशीन आज एवढं गप्प कसं?" वर जाऊन एक व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला आणि तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड चालवून बघितली. सीपीयू ९३ अंश! या चिपची मर्यादा १०० आहे.

'सेन्सर्स' सगळे आकडे बरोबर दाखवत होतं, म्हणून संशय गेला कूलरवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून परतताना ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरून थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारी) आणली, कूलर काढून जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. तरी ९२. (तिथल्या एका दुकानात चार पिनचा म्हणून तीन पिनचा पंखा हातात ठेवला होता. कनेक्टर मोजून घेत जा. तीन पिनच्या पंख्याला पीडब्ल्यूएमची (वेग ठरवणाऱ्या सिग्नलची) तारच नसते.) मग जुन्या कर्नलवर बूट केलं, तर सीपीयू ७० वर स्थिर. म्हणजे कूलर निर्दोष होता.

तिसऱ्या रात्री स्क्रिप्टचा लॉग ओळ न ओळ वाचायला घेतला. सीपीयूच्या रकान्यात ४१२५०, ४१५००, ४१२५०. हे मिलीअंश, म्हणजे सव्वाएक्केचाळीस, साडेएक्केचाळीस. इथेच अडखळलो. सीपीयूचं तापमान देणारा ड्रायव्हर, कोअरटेम्प, पूर्ण अंशातच बोलतो, त्याचा आकडा नेहमी तीन शून्यांनी संपतो. मग हा पाव अंश आला कुठून?

कर्नल प्रत्येक सेन्सरला एचडब्ल्यूमॉन नावाचं, नंबराचं फोल्डर देतो. स्क्रिप्ट ज्यातून वाचत होती त्या एचडब्ल्यूमॉन३ मधली 'नेम' फाइल उघडली. आत एकच शब्द: एसपीडी५११८. रॅमच्या स्टिकवरचा तापमान सेन्सर!

हा ड्रायव्हर ६.११ मध्ये कर्नलमध्ये आला. ६.१ मध्ये तो नव्हताच, त्यामुळे तिथे ३ नंबरवर कोअरटेम्प बसायचा. एचडब्ल्यूमॉनचे नंबर नोंदणीच्या क्रमाने मिळतात. दोन स्टिकचे दोन सेन्सर आधी नोंदले गेले आणि कोअरटेम्प पाचवर सरकला. 'सेन्सर्स' नावाने शोधतं, म्हणून ते बरोबर होतं. माझी स्क्रिप्ट नंबराने वाचत होती. सीपीयू भाजत असताना पंखा रॅमचे ४१ अंश बघून २५५ पैकी ७० वर निवांत फिरत होता.

पीडब्ल्यूएमचा मार्ग मी मागेच प्लॅटफॉर्मखालच्या एनसीटी६७७५.६५६ मधून दिला होता (एनसीटी चिपचं नंबर न सरकणारं फोल्डर), म्हणून तो तुटला नाही. आता तापमानही कोअरटेम्प.० च्या फोल्डरमधूनच वाचतो. नुसत्या नावावर भागत नाही, कारण एसपीडी५११८ नावाचे दोन सेन्सर आहेत आणि ड्राइव्हटेम्प (डिस्कचं तापमान देणारा ड्रायव्हर) तर चार. डिस्क मी बाय-आयडीतून, म्हणजे तिच्या मॉडेल आणि सिरियल नंबरवरून, शोधतो. फॅनकंट्रोल (पंखे चालवणारी तयार स्क्रिप्ट) वापरणाऱ्यांनी कॉन्फिगमधल्या डेव्हपाथ आणि डेव्हनेम या ओळी काढू नका. नंबर सरकले की फॅनकंट्रोल या ओळींमुळेच सुरू व्हायला नकार देतं. तो नकार सोन्यासारखा आहे.

काल रात्री त्याच व्हिडिओवर ६९ अंश. पंख्याची घरघर खाली स्वयंपाकघरापर्यंत आली आणि फार बरं वाटलं.

पुढे स्क्रिप्ट पायथनमध्ये नव्याने लिहायची असं ठरवलं होतं, पण हे लिहितालिहिताच विचार बदलला. सीपीयूचा पंखा स्क्रिप्टकडे हवाच कशाला? पीडब्ल्यूएम-एनेबलमध्ये ५ लिहिलं की स्मार्ट फॅन ४ सुरू होतो आणि एनसीटी चिप स्वतःच पंखा सांभाळते, स्क्रिप्ट मेली तरी. या चिपला डिस्कचं तापमान दिसत नाही, म्हणून स्क्रिप्टकडे फक्त डिस्कचा पंखा ठेवायचा. वाचन चुकलं तर सरळ २५५, म्हणजे पूर्ण वेग.

आज रात्री हेच करतो. मग ड्राइव्हटेम्पकडे वळायचंय: काही डिस्कवर तापमान वाचलं की झोपेचा (फिरणं थांबवण्याचा) टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि माझी तिसरी डिस्क आठवडाभर झोपलेली नाही.